सरदार एकच लागतो, शिपाई चाळीस

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी 33 वर्षांचा आहे. मूळचा पेणचा, घरी गणपतीचा कारखाना. सध्या पुण्यात व्हिडिओ गेमसाठी थ्रीडी मॉडेल करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी करतो. चार-पाच वर्षांपासून रात्री बसून ब्रिटनमधल्या छोट्या कंपन्यांसाठी टेबलावरच्या युद्धखेळांचे 28 मिलिमीटरचे सैनिक कॉम्प्युटरवर कोरून देतो. एका फिगरचे दीडशे पाऊंड मिळतात. त्यातल्या एका कंपनीचे मालक नॉटिंगहॅमजवळ एकट्यानं धातूच्या फिगरचा धंदा करतात. त्यांनी आता भागीदारी सुचवली आहे: अठराव्या शतकातली मराठा फौज, कडक प्लास्टिकमध्ये, किकस्टार्टरवर, म्हणजे इंटरनेटवर लोकांकडून आगाऊ पैसे उभे करून. कोरीवकाम माझं, साच्यासाठी 12 लाख माझ्या एफडीतले, बाकी सगळं ते बघणार, नफा निम्मा-निम्मा. त्यासाठी नोकरी सोडून वर्षभर पूर्णवेळ काम करावं लागेल. गेम्स वर्कशॉप ही याच धंद्यातली कंपनी लंडनच्या शेअर बाजारात पहिल्या शंभरांत गेली, म्हणजे या क्षेत्रात पैसा आहेच. बायको शिक्षिका आहे, ती नको म्हणते. वडील म्हणतात, बाहुल्यांत पैसा असता तर आपण पेणमध्ये बंगले बांधले असते. घरच्या कारखान्यातले चार रंगारी ऑफ सीझनला फिगर रंगवून देतील, हाही एक विचार आहे. सोबत माझ्या कामाचे फोटो जोडले आहेत. नोकरी सोडू का?

---

फोटो पाहिले. उधळलेल्या घोड्यावरचा सरदार, वाऱ्यावर उडणारा शेला, वर उगारलेली तलवार आणि अंगठ्याच्या नखात मावेल एवढा चेहरा, तरी मिशीला पीळ आहे. तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही आणि तुम्ही ती विचारलेलीही नाही. नोकरी सोडावी का, हा प्रश्न मात्र मी जरा बाजूला ठेवतो, कारण त्याच्या आधीचे दोन-तीन प्रश्न तुम्ही सुटले असं धरून चालला आहात.

आधी गेम्स वर्कशॉप. डिसेंबर 2024 मध्ये ती एफटीएसई 100 मध्ये गेली, हे बरोबर. 2024-25 च्या वर्षात तिचा करपूर्व नफा 26 कोटी पाऊंडांच्या वर होता. एवढा नफा पाहिला की कोणालाही वाटेल, अरे, हे प्लास्टिकचे तुकडेच तर आहेत. पण ही कंपनी 1975 मध्ये लंडनच्या एका फ्लॅटमध्ये तीन मित्रांनी सुरू केली तेव्हा ती खेळांचे लाकडी पट बनवत होती. मग अमेरिकेतल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची युरोपातली विक्री हाती आली. 1977 मध्ये स्वतःचं मासिक निघालं, 1979 मध्ये सिटाडेल मिनिएचर्स ही धातूच्या फिगर ओतणारी कंपनी उभी राहिली, आणि 1983 मध्ये वॉरहॅमर हा फौजांचा युद्धखेळ आला. वॉरहॅमर आला कशासाठी? लोकांनी जास्त फिगर विकत घ्याव्यात म्हणून! आधी एक-दोन वीर घेऊन खेळणारा माणूस आता पलटणी घेऊ लागला.

या धंद्याची किल्ली इथे आहे. पैसा फिगरमध्ये नाही, दुसरी फिगर घेण्याच्या कारणात आहे. गेम्स वर्कशॉपनं ते कारण स्वतः तयार केलं आणि स्वतःच्याच ताब्यात ठेवलं: जग तिचं, नियम तिचे, नॉटिंगहॅममधला कारखाना तिचा, जगभरची पाचशेहून जास्त दुकानं तिची. वॉरहॅमर 40,000 या तिच्या दुसऱ्या खेळाची नवी आवृत्ती 2014, 2017, 2020, 2023 अशी दर तीन वर्षांनी येत गेली. आवृत्ती बदलली की पुस्तक बदलतं, पुस्तक बदललं की फौज अपुरी वाटू लागते, आणि गिऱ्हाईक कुरकुरत का होईना काउंटरवर येतं. एवढं सगळं हाताशी असूनही 2001 नंतर एका गाजलेल्या सिनेमालिकेच्या लायसन्सवर विक्री फुगली आणि सिनेमे संपल्यावर उतरली, तेव्हा त्यांनाही खर्च आवरत बसावं लागलं. तुमच्यासमोर आलेल्या प्रस्तावात यातलं काय आहे? जग नाही, नियम नाहीत, दुकान नाही. फिगर तेवढी आहे. म्हणून त्या कंपनीचा ताळेबंद पुरावा म्हणून मला दाखवू नका, आणि बायकोला तर नकोच.

तुमची तुलना व्हायला हवी ती तिच्या आसपासच्या छोट्या कंपन्यांशी. नॉटिंगहॅमच्या परिसराला या धंद्यातले लोक ‘लेड बेल्ट’ म्हणतात, शिशाचा पट्टा. वॉरलॉर्ड गेम्स, मँटिक, पेरी बंधू हे सगळे तिथलेच आणि बहुतेक गेम्स वर्कशॉपमधूनच बाहेर पडलेले. ओतारी, साचेवाले, खोक्यावरचं चित्र काढणारे, नियम लिहिणारे, सगळे तासाभराच्या अंतरात. त्यातल्या कितीतरी कंपन्या म्हणजे एक गॅरेज, एक मशीन आणि नवरा-बायको. त्यांचं बरं चाललेलं असतं, पण नुसतं बरं. तुमचे भागीदार याच प्रकारातले दिसतात. त्यांना मी लबाड मुळीच म्हणत नाही. या छंदात शब्दावर व्यवहार करण्याची जुनी रीत आहे आणि बरेचदा ती निभावतेही. पण एक गोष्ट मला खटकली. त्यांच्याकडे धातू ओतण्याची व्यवस्था आहे, मग पहिली उडी प्लास्टिकमध्ये का?

यातली तांत्रिक बाजू तुम्हाला ठाऊक असेल, इतर वाचकांसाठी सांगतो. धातूची फिगर रबराच्या गोल साच्यात होते. मूळ नमुने दोन चकत्यांमध्ये दाबून, तापवून साचा पक्का करायचा, तो गरागरा फिरवायचा आणि मधल्या भोकातून वितळलेला धातू सोडायचा. साचा स्वस्त असतो, खराब झाला की नवा करता येतो, पन्नास नग विकले तरी फारसं बिघडत नाही. मालाडचे आणि राजकोटचे इमिटेशन ज्वेलरीवाले बांगड्या-कर्णफुलं जवळपास याच पद्धतीनं ओततात. कडक प्लास्टिकचं गणित उलटं आहे. पोलादी साचा कोरावा लागतो आणि एका फ्रेमच्या, म्हणजे एकत्र ओतलेल्या तुकड्यांच्या चौकटीच्या, साच्याचा खर्च पाच आकडी पाऊंडांत जातो. त्यानंतर मात्र एकेक फ्रेम पेन्सांत पडते. म्हणजे हजारोंनी विकली तरच परवडते. धातूचा एक पायदळी शिपाई दीड-दोन पाऊंडांना जातो, तर प्लास्टिकचं छत्तीस-चाळीस शिपायांचं खोकं पंचवीस-तीस पाऊंडांना. गिऱ्हाईक प्लास्टिक मागतं ते यामुळेच, आणि छोटा माणूस प्लास्टिकमध्ये हात घालायला कचरतो तोही यामुळेच. तुमचे भागीदार आजवर कचरत होते. आता साच्याचे पैसे दुसऱ्याच्या एफडीतून येणार आहेत.

आणि तो उधळलेला घोडा. पोलाद वाकत नाही. आत वळलेली एक खाच राहिली तरी तुकडा साच्यात अडकतो. रबर थोडं तरी ताणलं जातं. तुमचा उडता शेला प्लास्टिकसाठी तीन-चार तुकड्यांत कापून नव्याने मांडावा लागेल, भाला बोटाएवढा जाड करावा लागेल किंवा हात पोकळ ठेवून तार खुपसावी लागेल. हे काम तुम्ही आजवर केलेल्या कामापेक्षा वेगळं आहे. ‘वर्षभर पूर्णवेळ’ कोरण्यातले किती महिने त्यात जातील हे प्रस्तावात कुठेच धरलेलं नाही.

आता गिऱ्हाईक. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत जवळपास सगळे सरदार आहेत. तुमच्या मनात पानिपत आहे, 1761. ब्रिटनमधल्या वॉरगेमरच्या मनात असई आहे, 23 सप्टेंबर 1803. जालना जिल्ह्यातलं, भोकरदनजवळचं ते गाव तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं, कारण तिथे आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, लढला. नेपोलियनच्या युद्धांसाठी गोळा केलेली इंग्रज फौज त्याच्या कपाटात असते. पण भारतातल्या मोहिमेसाठी समोर उभी करायला त्याला शिंद्यांचे कवायती कंपू लागतात: पोलमन या युरोपियन अधिकाऱ्याच्या हाताखालच्या, बंदुका घेतलेल्या पायदळाच्या पलटणी आणि तोफखाना. एका पलटणीला चोवीस ते छत्तीस शिपाई, अशा सहा-आठ पलटणी. तोफा, गोलंदाज, बैल. सरदार एक, फार तर दोन. कोरणाऱ्याला सरदार कोरायला आवडतो, विकत घेणाऱ्याला शिपाई लागतात. तोच कोट, तीच बंदूक, खांद्याचा कोन जरासा वेगळा, असे शिपाई कोरत बसण्याची तुमची वर्षभर तयारी आहे का? असेल तर धंद्याची निम्मी पात्रता तिथेच आली. नसेल तर तुम्ही कलावंत आहात, आणि कलावंतानं फी घ्यावी.

आणखी एक. इतिहास कोणाच्या मालकीचा नसतो. मराठा फौज तुम्ही काढली आणि ती चालली, तर पुढच्या वर्षी दुसरा कोणी काढेल. त्याला अडवता येणार नाही. अडवता येईल ती तुमच्या कोरलेल्या मूर्तीची हुबेहूब नक्कल, बस्स. काल्पनिक जगाचे हक्क असलेल्यांचीही कोर्टात दमछाक होते. गेम्स वर्कशॉपनं चॅप्टरहाऊस स्टुडिओज या छोट्या कंपनीवर 2010 मध्ये अमेरिकेत दावा लावला. 2013 मध्ये ज्यूरीनं काही मुद्दे मान्य केले, बरेचसे फेटाळले, आणि एवढ्या मोठ्या कंपनीच्या पदरात भरपाई पडली ती 25,000 डॉलर.

मग किकस्टार्टर. भारतात राहणाऱ्याला तिथे स्वतःच्या नावानं प्रकल्प उभा करता येत नाही. म्हणजे खातं भागीदाराचं, पैसे त्यांच्याकडे येणार, आणि पैसे देणाऱ्यांना माल पोचवण्याची जबाबदारीही कागदावर त्यांचीच. हे तुमच्या फायद्याचंही आहे आणि तोट्याचंही. या मंचावर या धंद्यानं डोळे दिपवणारे आकडे पाहिले आहेत. टेक्सासच्या रीपर मिनिएचर्सनं 2012 मध्ये 34 लाख डॉलर उभे केले, किंग्डम डेथ या खेळाच्या दुसऱ्या मोहिमेला जानेवारी 2017 पर्यंत 1 कोटी 23 लाख डॉलरहून जास्त मिळाले. पण रोबोटेक आरपीजी टॅक्टिक्स या खेळानं 2013 मध्ये 14 लाखांहून अधिक डॉलर घेतले, मालाचा पहिला हप्ता उशिरा दिला आणि 2018 मध्ये दुसरा हप्ता देता येणार नाही असं सांगितलं. पैसे उभे राहिल्यावरच ते बुडाले. कारणं कंटाळवाणी असतात: साचा महाग पडला, वाहतूक वाढली, फुकट देऊ केलेल्या जादा फिगर अंगाशी आल्या. ‘इतकी रक्कम झाली की आणखी एक घोडेस्वार फुकट’ हे जाहीर करायला एक ओळ पुरते. तो घोडेस्वार कोरायचा मात्र तुम्ही.

तुमच्या प्रस्तावाचं गणित एकदा मांडून पाहू. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, खरे तुम्ही भागीदाराकडून घ्या. समजा 400 जणांनी सरासरी 75 पाऊंड दिले, म्हणजे 30,000. एका अनोळखी विषयासाठी हे वाईट नाही. किकस्टार्टरचे 5 टक्के आणि पैसे वसुलीचा खर्च मिळून तीनेक हजार गेले. पार्सलमागे दहा पाऊंड धरले तर चार हजार टपालाचे. राहिले 23,000. पायदळाची एक फ्रेम आणि घोडदळाची एक, असे दोन साचे कमीत कमी धरले तरी वीस हजार. उरलेल्या तीन हजारांत प्लास्टिक, खोकी, खोक्यावरचं चित्र आणि हरवलेली पार्सलं भागवायची. तुमचे 12 लाख म्हणजे साधारण दहा हजार पाऊंड. ते आधी परत मिळणार आणि मग नफा वाटायचा, की वाटणीत ते विरघळून जाणार? ‘निम्मा-निम्मा’ या शब्दात याचं उत्तर नाही. साचे कोणाच्या मालकीचे राहणार, याचंही नाही. मोहीम संपल्यावर खरी कमाई पुढच्या पाच-सात वर्षांच्या किरकोळ विक्रीतून येते, दुकानदार चाळीस टक्क्यांच्या आसपास सूट मागतो, मधला वितरक त्याहून जास्त, आणि ती सगळी विक्री नॉटिंगहॅमजवळच्या एका गॅरेजमधून होणार आहे.

पेणच्या मुलाला हे मी काय सांगावं? साचा ज्याचा, मूर्ती त्याची, हे तुम्ही लहानपणापासून बघत आलात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याच्या हातात जादू असते, लोक येऊन बघत उभे राहतात, पण सीझन संपल्यावर तो मजुरीच घेऊन घरी जातो. या भागीदारीत तुम्ही आखणीही करणार आणि साच्याचे पैसेही देणार. मग साचा तुमच्या नावावर का नाही?

बायकोबद्दल तुम्ही एका वाक्यात ‘ती नको म्हणते’ एवढंच लिहिलंत. ती नेमकं कशाला नको म्हणते, हे विचारलंत का? तिचा विरोध छंदाला असता तर चार-पाच वर्षं रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवू दिला नसता. माझा अंदाज असा की तिनं विचारलं असेल, पैसे परत कधी येणार? आणि तुम्ही उत्तरादाखल शेअर बाजारातल्या कंपनीचं नाव सांगितलं असेल. वरचं गणित तिच्यासमोर मांडा, खऱ्या आकड्यांनी. शिक्षिका आहे, चुका काढेल. काढू द्या.

आता माझं मत. नोकरी आत्ता सोडू नका, 12 लाख देऊ नका, पण प्रस्ताव नाकारूही नका. तो उलटा करून परत पाठवा. भागीदारांना लिहा की पहिली फेरी धातूमध्ये करू. कवायती पायदळाचे चार प्रकार, एक अंमलदारांचा संच, एक तोफ आणि तिचे गोलंदाज, आणि तुमच्या हौसेखातर एकच घोडेस्वार सरदार. मशीन त्यांचं, धातू त्यांचा, टपाल त्यांचं. तुम्ही नेहमीच्या फीपेक्षा कमी फी घ्या आणि उरलेलं विक्रीवरच्या टक्केवारीत मागा. टक्केवारी कशावर, छापील किमतीवर की त्यांच्या हाती पडलेल्या रकमेवर, हे आधीच लिहून घ्या. घाऊक विक्रीत या दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक पडतो. एप्रिलमध्ये लंडनला सॅल्यूट नावाचा युद्धखेळांचा मोठा मेळा भरतो, न्यूअर्कला पार्टिझन असतो. तिथे त्यांनी असईची लढाई टेबलावर मांडावी आणि किती जण थांबून पाकीट काढतात ते पाहावं. धातूच्या पलटणी पुन्हा पुन्हा मागवल्या जाऊ लागल्या तर प्लास्टिकचा विचार करायला आधार मिळेल, आणि तेव्हा साच्यात पैसे घातलेत तर साच्यावर नावही घाला.

हक्कांचं वेगळं सांगतो, कारण तुमच्यासारखी रात्री फाइली पाठवणारी बरीच मुलं मला माहीत आहेत आणि बहुतेकांकडे ईमेलपलीकडे कागद नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण करार इंग्लंडच्या कायद्यानुसार असेल तर हे जसंच्या तसं लागू होणार नाही, म्हणून कोणता कायदा लागू ते करारात बघा. धातूत ओतण्याचा हक्क, प्लास्टिकचा हक्क आणि घरी थ्रीडी प्रिंटरवर छापायची एसटीएल फाइल विकण्याचा हक्क हे तीन वेगळे हक्क आहेत. दीडशे पाऊंडांत तिन्ही देऊन टाकण्याची सवय मोडा.

त्याहून नाजूक मुद्दा तुमच्या नोकरीचा. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. तुम्ही रात्री घरी करता, ठीक. पण तुमच्या नेमणुकीच्या पत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते आज रात्रीच काढून वाचा. आणि कोरण्याचं सॉफ्टवेअर कोणाच्या लायसन्सवर चालतं? ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑफिसच्या लायसन्सनं सरदार कोरला असेल तर निम्मा-निम्मा वाटणीत तिसरा वाटेकरी आधीच बसलेला आहे.

रंगाऱ्यांचा विचार वाईट नाही, पण त्याला या प्रस्तावाच्या शेपटीला बांधू नका. परदेशी हौशी लोकांच्या फौजा रंगवून देण्याचा व्यवसाय श्रीलंकेत कित्येक वर्षं चालू आहे. तो हाताच्या मजुरीचा धंदा आहे, कलेचा कमी. तिथे दोनशे शिपायांचे दोनशे पट्टे एकाच रंगाचे, एकाच रुंदीचे लागतात आणि गिऱ्हाईक भिंगातून बघतं. फूटभर मूर्तीचे डोळे आखणारा माणूस तीन सेंटिमीटरच्या शिपायावर तितकाच रमेल असं नाही. चौघांना दहा-दहा फिगर द्या, घड्याळ लावा, आणि तासाला किती सुटतात ते बघा. गणपतीच्या सीझनची मजुरी त्यांना ठाऊक आहे. तुमचा दर त्याखाली गेला तर ते तुम्हाला तोंडावर नाही म्हणणार नाहीत, फक्त येणार नाहीत.

अशाच वाटेवरच्या इतरांसाठी दोन गोष्टी. महिन्याला वर्गणी घेऊन एसटीएल फाइली देण्याचा मार्ग भारतात बसून खराच खुला आहे: साचा नाही, टपाल नाही, कस्टम नाही. पण ती वर्गणी आहे. दर महिन्याला नवा संच द्यावा लागतो, सुट्टी घेतली की वर्गणीदार गळतात, आणि फाइल बाहेर पडल्यावर ती फुकट फिरणार हे धरूनच चालायचं. छापून विकणाऱ्यांसाठी वेगळा, महाग दर्जा ठेवला तर त्यातून बरं सुटतं. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा कागद जपा आणि निर्यात म्हणून जीएसटीत ते कसं दाखवायचं हे सीएला पहिल्याच वर्षी विचारा. स्वतः थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये, छापून विकायचा विचार असेल तर हातमोजे आणि हवा खेळती असलेली वेगळी खोली हवी. न सुकलेलं रेझिन कातडीला लागत राहिलं तर कायमची ॲलर्जी जडू शकते. वन बीएचकेच्या स्वयंपाकघरात हा उद्योग नको. आणि ज्यांना पुण्या-मुंबईत या खेळांचं दुकान काढायचंय त्यांनी आधी आयातीचं गणित करावं. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. माल खेळणं म्हणून धरला गेला तर ब्रिटनमधलं पंचवीस पाऊंडांचं खोकं इथे कोणत्या किमतीला पडेल ते बघून मग भाड्याची जागा शोधा. तुम्ही उद्या इथे ओतून बाहेर पाठवायचं म्हणालात, तर 29 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेत 800 डॉलरखालच्या पार्सलची करमाफीही गेली आहे, हे किमतीत धरा.

मालाडचा उल्लेख मी उगाच केला नव्हता. भागीदारांचं उत्तर नकारार्थी आलं, किंवा महिनाभर आलंच नाही, तर तुमच्या चार शिपायांचे नमुने चांगल्या रेझिनमध्ये छापून तिथल्या एखाद्या ओतकाम करणाऱ्याकडे जा. रबराचा एक साचा, शे-दोनशे नग. बंदुकीची नळी नीट भरते का, चेहरा उठतो का, जोडाची रेघ नाकावरून जाते की कानामागून, एवढं बघा. धातूत शिसं किती हे आधी विचारून घ्या, कारण बाहेर विकायचं तर ते विचारलं जाणारच. एवढ्या खर्चात तुमच्या एफडीचं फक्त थोडं व्याज जाईल. आलेले नग भागीदारांनाही पाठवा, सोबत करारातल्या टक्केवारीचा प्रश्न पुन्हा एकदा लिहा, आणि त्यांचा मसुदा आला की सही करण्याआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. फी चार फिगरांच्या पैशांत बसावी. जास्त सांगितली तर दुसरा वकील गाठा.